करवतीचा कोहळा

चहा मागवताना मिस्त्री दारातून डावा पंजा उंचावून दाखवायचे. म्हणजे पाच. पण त्यांची तर्जनी निम्मीच होती, उरलेली जुन्या करवतीने नेलेली. समोरचा हॉटेलवाला इमानाने चार फुल आणि एक अर्धा चहा पाठवायचा. "हिसाब बरोबर हाय," म्हणत अर्धा ते स्वतः घ्यायचे.

मानकोलीला गोदामांसाठी लाकडी पेट्या बनवणारा आमचा कारखाना. मी तिथे कारकून. दोन हजार सात-आठच्या सुमारास शेटनी परदेशातून नवी करवत आणली. फिरत्या पात्याला बोट लागलं की आपोआप ब्रेक लागायचा आणि पातं खाली जायचं. तुम्हीही टाळ्या वाजवल्या असत्या. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, तिला काय कळतंय, बोट कंचं न लाकूड कंचं?"

ते खंडेनवमीला कळलं. दरवर्षी पूजा झाली की मिस्त्री चालू करवतीवर कोहळा कापायचे. कोहळा घे, बोट सोड, असा त्यांचा जुना करार. त्या वर्षीही त्यांनी भक्तिभावाने कोहळा पुढे सरकवला. धाडकन आवाज झाला, पातं गायब आणि कोहळ्याला नुसता ओरखडा! आता पातं आणि ब्रेक दोन्ही नवी लागणार म्हणून शेटनी कपाळावर हात मारला. मिस्त्री मात्र पांढरेफटक पडले.

"त्या ब्रेकनं उपाशी ठेवली तिला. आता ती माजं बोट मागंल."

कोहळ्यासारखा ओल्या लाकडालाही ब्रेक लागतो, म्हणून तो बंद करायला एक चावी होती. दुरुस्ती झाल्यापासून मिस्त्रींच्या लेखी भिवंडी तालुक्यातलं सगळंच लाकूड ओलं झालं. ब्रेक कायमचा बंद. त्यांच्या उरलेल्या बोटांच्या काळजीने मला जेवण जाईना. शेवटी ब्रेक चालू करून ती चावी मी माझ्या खणात कुलूपबंद केली. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

नवव्या दिवशी पुन्हा धाडकन आवाज आला. मी धावलो. मिस्त्री उजवा अंगठा डोळ्यांसमोर धरून उभे होते. भाजी चिरताना लागावं तेवढंच लागलं होतं.

"भाऊ, आज कोहळा मीच झालो," एवढं म्हणून ते माझा हात धरून रडायला लागले. मीही रडलो, लपवत नाही. मग डोळे पुसत म्हणाले, "ती चावी खाडीत टाक."

त्यानंतर नवमीचा कोहळा पूजेपुरताच. दुसऱ्या दिवशी तो दिघाशीला मिस्त्रींच्या घरी जायचा आणि वड्या होऊन परत यायचा.

मिस्त्रींना जाऊन दोन वर्षं झाली. म्हातारे होऊन गेले, साडेनऊ बोटांनिशी. आता दारातून पंजा मी दाखवतो. माझी पाचही बोटं धड आहेत, तरी हॉटेलवाला चार फुल आणि एक अर्धाच पाठवतो. तो अर्धा मी घेतो.