पुढचं गाव

जपानमध्ये फुनाबोरीतल्या आमच्या इमारतीत गाडी असलेले मराठी आयटीवाले एकच. एका रविवारी ते आम्हा नवराबायकोला जपानी खेडी दाखवायला घेऊन निघाले. गाव आलं की काच खाली करून फोटो काढायचे आणि म्हणायचे, "हे काहीच नाही, पुढचं गाव बघा!" उतरू मात्र द्यायचे नाहीत. दुपारपर्यंत माझं डोकं उठलं. शेवटी एका सिग्नलला बायको दार उघडून सरळ भातखाचरांकडे चालू लागली.

"अहो वहिनी, पुढचं गाव..."

"मी इथेच बसणार आहे, भाऊजी."

त्यांनी निमूटपणे गाडी कडेला लावली, बांधावर येऊन बसले आणि हळूच विचारलं, "आता काय करायचं?"

"काही नाही," बायको म्हणाली.

ते खरंच बसून राहिले. गाडीची किल्ली मात्र मुठीत घट्ट धरलेली होती.