जगेसरला मिशी होती का?

बा नावाच्या नदीचं पाणी अंगणात शिरलं तेव्हा सुरसती रोट्या लाटत होती. पाणी दर वादळात यायचं, पायरीला शिवून माघारी जायचं. त्या दिवशी ते हटलंच नाही. दुपारपर्यंत उसाचे शेंडे बुडाले आणि तिच्या नवऱ्यानं, जगेसरनं, आधी दोन्ही पोरांना आणि मग तिला घराच्या पत्र्यावर चढवलं.

वरच्या गावातला सेमिसी बांबूचा तराफा घेऊन आला. त्याच्याशिवाय तिघंच मावणार होते.

"पोरांबरोबर तू जा," जगेसर म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"मी कुठं पळून चाललोय? तो परत येईस्तोवर एक सिगारेट ओढून होईल."

"भिजून लगदा झालाय तिचा. ओढा!" ती खेकसली. नवऱ्याशी ती बोलली ते एवढंच शेवटचं.

टेकडीवरच्या शाळेत तिघांना उतरवून सेमिसी तसाच मागे फिरला. परतला तेव्हा तराफा रिकामा होता. तो गुडघ्यांत डोकं घालून बसला. घराच्या जागी नुसतं पाणी वाहत होतं.

पत्रा पुढं खाडीच्या झाडीत अडकलेला सापडला. जगेसर सापडला नाही. पंडितजींनी गवताचा पुतळा करून तिच्या हातून त्याला अग्नी देववला. बायका समजूत घालायला आल्या तेव्हा सुरसती म्हणाली, "गवत जाळलं मी. माणूस कुठं जाळला?"

मग लाउटोका शहरात येऊन तिनं शिवणाच्या कारखान्यात काम धरलं. पोरं मोठी झाली, शिकली, त्यांची लग्नं झाली. लोक म्हणत, बाईनं नेटानं संसार ओढला. नळ जोरात सोडला की बाई उठून पायरी बघून येते, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

दर वर्षी त्या तिथीला घरी सगळे जमत. सेमिसीही गुंगीच्या पेयासाठी यांगोनाची मुळं घेऊन येई. यंदा पूजा उरकली, यांगोना कालवून झाली, वाट्या फिरू लागल्या आणि पुराच्या गोष्टी निघाल्या.

"पप्पांना काय झुबकेदार मिशी होती!" धाकटा रोनिल म्हणाला.

"हॅ! मिशी कधीच नव्हती," थोरला विनेश हसला. "तू तेव्हा चड्डीत मुतत होतास, तुला काय आठवतंय?"

"तुला मोठं आठवतंय! माई, तूच सांग गं."

फोटो एकही उरला नव्हता. लग्नाचासुद्धा ट्रंकेसकट वाहून गेला होता. सुरसतीनं आठवायला घेतलं. निळा सदरा आठवला. कोपरावरचा भाजल्याचा डाग आठवला. हसताना खोकला यायचा, तोही ऐकू आला. पण मान वर करून तोंडाकडं पाहावं, तर तिथं काहीच नव्हतं. पुन्हा पाहिलं. काहीच नव्हतं.

"होती," ती म्हणाली.

"बघ!" रोनिलनं मांडीवर थाप मारली.

ती उठून मागच्या पडवीत गेली. तिथं सेमिसी एकटाच बसला होता. पार थकला होता आता.

"सेमिसीभाई, ह्यांचा चेहरा आठवतो का रे तुला? खरं सांग. मला दिसेनासा झालाय."

सेमिसीनं हातातली वाटी खाली ठेवली.

"बहिणी, मला तो रोज दिसतो," तो म्हणाला. "पत्र्यावर उभा राहून हात हलवत असतो. पण मी लांब असतो गं. मधे पाऊस. चेहरा नाही दिसत."

सुरसती त्याच्या शेजारी खाली बसली. तिला रडू येईना. त्या दिवशी पुरानं माणूस नेला होता. उरलेलं पूर इतकी वर्षं थोडं थोडं नेत होता, आणि तिला पत्ताच नव्हता.

आतून सुनेनं हाक मारली, "माई, जेवायला वाढू का?"

"वाढ," ती म्हणाली, पण जागची हलली नाही.