गळकं गाणं

आमच्या न्हावरे-शिरूर जीपवाल्या मामांचा कशावरच भरवसा नव्हता. हँडब्रेक ओढूनही चाकाखाली दगड ठेवायचे. जुना टेप कॅसेटी खायचा, म्हणून पुतण्यानं लायटरच्या भोकात एक डबी खोचून दिली. तिला एमपीथ्री प्लेअर जोडला की गाणं हवेतून, एफएमवर, गाडीच्या रेडिओवर लागायचं.

एकदा स्टँडवर शेजारचा जीपवाला ओरडला, "मामा, तुमचं गाणं आमच्या रेडिओवर वाजतंय की!"

तेव्हापासून काही खासगी बोलायचं असलं की मामा आधी डबी उपटायचे. "गाणं जातंय, मग बोलणं जात न्हाई कशावरनं?" त्या डबीला माइकच नसतो, हे मी बीएस्सीवाला सांगून थकलो.

एके दिवशी जीपमध्ये मी एकटाच शीट होतो. मामांनी डबी उपटली, तरी उसाकडेला जीप थांबवून मला खाली उतरवलं.

"पोरीला राहू गावचं स्थळ आलंय. पोरगा तुमच्याच कालेजातला. बीएस्सी झालोय म्हणतो. खरं हाय का?"

मी नाव विचारलं; ओळखीचाच निघाला. "माझ्याच वर्गात होता. दुसऱ्या वर्षी नापास झाला, परत आलाच नाही."

मामा हळूच म्हणाले, "आन् तुम्ही तरी पास झालाय का?"

आमच्या घराण्यातली पहिली डिग्री माझी. दुसऱ्या दिवशी ती पिशवीत घालून मी त्यांच्या जीपला हात केला.