बुधवारची टर्की

व्हर्ना हॉल्व्होर्सनने एकतीस वर्षं अमेरिकेच्या उत्तरेतल्या टू हार्बर्स गावात शाळेची पिवळी बस चालवली. बर्फात, धुक्यात, सरोवरावरून येणाऱ्या बोचऱ्या वाऱ्यात. बसमध्ये कोणी कुठे बसायचं ते ती ठरवायची, आणि निवृत्त झाल्यावरही ती सवय काही सुटली नाही. नवरा गेला, मुलगा टेक्सासला स्थायिक झाला, तेव्हा तिने थँक्सगिव्हिंगचं, म्हणजे नोव्हेंबरातल्या गुरुवारी येणाऱ्या आभाराच्या सणाचं जेवण स्वतःच्या घरी मित्रमंडळींना द्यायला सुरुवात केली. ज्यांची माणसं लांब होती किंवा उरलीच नव्हती, ते सगळे दुपारी दोनला तिच्या टेबलाशी जमायचे. एकोणीस वर्षं तिथे एकाही वर्षी खंड पडला नाही आणि एकाही वर्षी सणाची अख्खी भाजलेली टर्की कोरडी झाली नाही. ही दुसरी गोष्ट ती स्वतःच सांगायची, पण खोटं नव्हतं.

यंदा सप्टेंबरात तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. ती कुबडी घेऊन चालायला लागली तोवर जेवणाची जागा ठरूनही गेली होती. चाळीस वर्षांची मैत्रीण मार्लिस घरी येऊन, कोट न काढताच म्हणाली, "यंदा नोरीनकडे आहे हं जेवण. तू आराम कर. येताना फक्त पाव आण, दुकानातले चालतील."

दुकानातले पाव! ज्या बाईच्या हातची टर्की खायला लोक वर्षभर थांबत, तिने पिशवीतून पाव न्यायचे.

नोरीन दोन वर्षांपूर्वी ॲरिझोनातून आलेली. विधवा, व्हर्नापेक्षा दहा वर्षांनी लहान, बोलायला गोड. तिला पत्ते खेळता येत, तिला पडदे शिवता येत, आणि मार्लिस हल्ली दर वाक्यात तिचं नाव घेत असे. व्हर्नाला ते नाव ऐकलं की दाढ दुखल्यासारखं व्हायचं. जेवण आपल्या घरून गेल्याचं दुःख तिला फारसं नव्हतं. मार्लिस हातची जाईल, ही धास्ती होती.

सणाआधीच्या शनिवारी नोरीनचा फोन आला.

"व्हर्ना, एक विचारायचं होतं. आमच्याकडे टर्की नेहमी सासूबाई करायच्या. वीस पौंडांची आणलीय. फ्रीझरमधून कधी काढू?"

त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की एवढ्या गोठलेल्या टर्कीचा बर्फ फ्रिजमध्ये सुटायला पाच दिवस लागतात. म्हणजे आजच काढायला हवी. व्हर्नाने घसा साफ केला.

"बुधवारी संध्याकाळी काढलीस तरी चालेल," ती म्हणाली.

"नक्की ना? मी लिहून ठेवते."

"लिही की."

रविवारभर तिला चैन पडलं नाही. सोमवारी सकाळी तिने फोन उचललाही. एवढ्यात मार्लिसचाच आला. "अगं, काय टेबल मांडलंय नोरीनने! मी दोन दिवस तिच्याकडेच आहे. टर्कीचं विचारलं तर म्हणाली, व्हर्नाने सगळं सांगितलंय. मग म्हटलं, मी कशाला बघू?" व्हर्नाने बरं म्हटलं, फोन ठेवला आणि परत काही तो उचलला नाही.

गुरुवारी दीड वाजता ती पावाची पिशवी घेऊन नोरीनच्या दारात उभी राहिली. आत मार्लिसचा भाऊ गॉर्डी कापायची सुरी हातात धरून ओव्हनपुढे वाकला होता. टर्की वरून तपकिरी आणि आतून दगड.

"हिच्या पोटात अजून जानेवारी आहे," गॉर्डी म्हणाला.

मार्लिसने व्हर्नाकडे पाहिलं, मग नोरीनकडे. "तुला व्हर्नाने सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं की," नोरीन शांतपणे म्हणाली. "शनिवारीच काढ म्हणाल्या होत्या. मीच विसरले."

व्हर्नाचा चेहरा तापला. फ्रिजच्या भिंतीकडच्या बाजूला, सहज दिसणार नाही अशी, चुंबकाखाली चिठ्ठी होती, टपोऱ्या अक्षरात: टर्की, बुधवार संध्याकाळ, व्हर्ना. मार्लिस बटाट्यांचं भांडं घेऊन आणि तिच्यामागे गॉर्डी बाहेर गेला तशी नोरीनने ती चिठ्ठी काढून एप्रनच्या खिशात टाकली.

"खोटं का बोललीस?" व्हर्नाने दबक्या आवाजात विचारलं.

"खरं बोलून काय झालं असतं? तुम्हाला हे सगळे कित्येक वर्षं ओळखतात. मला दोन. भांडण लावणारी बाई म्हणून पुढच्या वर्षी मला कोण बोलावणार?"

म्हणजे हिलाही तीच भीती. व्हर्नाला तिची कीव यायला हवी होती. आली ती स्वतःची लाज.

टर्कीविना सगळे जेवायला बसले. बटाटे, बीन्स, क्रॅनबेरी आणि भूक भागवायला व्हर्नाचे पाव. गॉर्डीने दर घासाला टर्कीची खबर विचारली. मार्लिस डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. एवढी ती व्हर्नाच्या टेबलाशी कधी हसली नव्हती, आणि हे व्हर्नाला टर्कीपेक्षा जास्त लागलं.

मग रिवाजाप्रमाणे एकेकाने आभार मानायचे होते. गॉर्डीने अजून साथ देणाऱ्या आपल्या गुडघ्याचे मानले. मार्लिसने नोरीनचे मानले. पाळी व्हर्नाची आली.

"नोरीन विसरली नाही," व्हर्ना ताटाकडे बघत म्हणाली. "बुधवारी काढ असं मीच सांगितलं. मुद्दाम. मला तिचा हेवा वाटतो. तिने माझी लाज झाकली, म्हणून तिचे आभार."

गॉर्डीने काटा खाली ठेवला. मार्लिसने रुमालाची घडी घालून ताटाशेजारी ठेवली. "चाळीस वर्षांत तू मला पहिल्यांदा एवढी कोत्या मनाची वाटलीस," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी तुला बोलवायचं की नाही ते नोरीन ठरवेल."

सगळ्यांनी नोरीनकडे पाहिलं. तिने हातातल्या पावाचा तुकडा सावकाश मोडला.

"बोलवायचं," ती म्हणाली. "पाव आणायचे. पण घरी केलेले."

मार्लिस खळखळून हसली, नोरीनच्या खांद्यावर हात टाकून. व्हर्नाला पुन्हा दाढ दुखल्यासारखं झालं. तिने पावाची टोपली उचलली आणि आधी नोरीनपुढे धरली.