जीपमधली हाक

पोशेऱ्याच्या शाळेतून मी मोखाड्याला ज्या जीपने परतायची, तिच्या ड्रायव्हरने मुंबईहून मोबाईलला जोडायची एक डबी आणून समोर बसवली होती. मोबाईल तेव्हा नुकतेच आले होते आणि आमच्या डोंगरात रेंज मिळायची ती एखाद्या वळणावर. पण याचा थाट असा, जणू कलेक्टरच फोन करणार! फोन वाजला की डबी तो आपोआप उचलायची, हात लावायचं काम नाही. बोलणाऱ्याचा आवाज टेपच्या मागच्या स्पीकरमधून यायचा. बायकोने मीठ आणायला सांगितलं की अख्ख्या जीपला कळायचं. आम्ही त्याला यथेच्छ चिडवायचो.

त्या दुपारी शाळेजवळ राहणारी एक म्हातारी माझ्या शेजारी बसली होती. तिची लेक काविळीने नाशिकच्या दवाखान्यात अत्यवस्थ होती. मोखाड्याहून एसटी धरून ही तिच्याकडे निघाली होती. काही झालं तर कळवायला म्हणून जावयाजवळ ड्रायव्हरचा नंबर होता.

घाटात एका वळणावर फोन वाजला आणि डबीने उचलला. ऊन रखरखत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आमच्या डोक्यामागून, अगदी कानाशी, बारीक बायकी आवाज आला. "आये..."

म्हातारी जागच्या जागी थिजली.

"बोला ना आजी, तुमची लेक आहे," मी म्हटलं. तिने नुसती मान हलवली. माणूस दिसत नाही आणि हाक येते, तर ओ द्यायची नाही. तीनदा आली तरच ती माणसाची. आधीच ओ देईल त्याला ती हाक घेऊन जाते. तिकडे हे लहान पोरालाही ठाऊक असतं. वर्गात मी ही समजूत कितीदा तरी खोडून काढली होती. पण तेव्हा मागे वळून पाहायचा धीर मला झाला नाही, खरंच भीती वाटली.

"आये, ऐकतेस का ग?" त्यात शब्दांपेक्षा श्वासच जास्त होता. न राहवून मीच उत्तर द्यायला गेले, तर म्हातारीने आपला खरखरीत तळहात माझ्या तोंडावर दाबून धरला. मला वाचवत होती ती. ड्रायव्हरही बोलेना. सगळी जीप तिसऱ्या हाकेची वाट पाहत राहिली. वळण सरलं, रेंज गेली आणि स्पीकरमध्ये नुसती खरखर उरली.

मोखाड्याच्या स्टँडवर ड्रायव्हरने फोन लावला. जावई रडत होता. आईशी बोलायचं म्हणून तिने फोन मागून घेतला होता आणि तो कानाशी असतानाच ती गेली.

नाशिकची गाडी लागलेली होती. म्हातारी रडली नाही. माझा हात धरून म्हणाली, "बाई, पयल्या हाकेलाच मी ओ द्याया पायजे होती. मला नेली असती. पोर राहली असती."