या बैलांना पाणी नाही

ये गं, अशी जवळ बस माझ्या. आणि तो बैल आधी खाली ठेव! आत्ताच तांब्यातलं पाणी प्यायलीस ना? मग ओल्या हातानं उचलतात का त्याला? इतकी शिकलीस, पण देव्हाऱ्यातल्या वस्तूला हात लावताना विचारायचं सुचत नाही. असू दे, रागावले नाही. हात पूस आणि ऐक. बोटभर उंचीचे बैल आहेत, पण त्यांची गोष्ट सांगायची तर आधी सोनावन्सं सांगायला हव्यात, आणि तू तर त्यांना पाहिलंच नाहीस.

सोनावन्सं माझ्या मोठ्या नणंद. मी लग्न होऊन कोळवणला आले तेव्हा त्या नवरा गेल्यामुळे माहेरी परतलेल्या, मागच्या पडवीत वेगळी चूल मांडून राहत होत्या. त्यांची एक खोड होती. नवी वस्तू नवी म्हणून त्यांना डोळ्यांसमोर चालायची नाही. मी माहेरून कोरा लाकडी पाट आणला होता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्याला तेल आणि काजळी चोळली. म्हणाल्या, "आता कसा घरातला दिसतुया! तू बी दिसशील, वाईच दम धर."

दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवायची मातीची चित्रं गावातली पोरं त्यांच्याकडे रंगवायला आणत. पोरांना हवे गुलाबी चेहऱ्याचे, हिरव्या अंगरख्याचे मावळे. वन्सं ते असे रंगवायच्या, की जणू नांगराच्या फाळाला लागून जमिनीतून वर आलेत. पोरं रडकुंडीला यायची. "आत्या, हे समदे म्हातारे झाले!"

"म्हातारे न्हाईत रं, लढून आल्यात," त्या म्हणायच्या. "नवा कोरा मावळा म्हंजे घरी झोपल्याला."

रंग तरी कसले? काव, चुलीतली राख, दिव्याची काजळी आणि बाभळीच्या डिंकाचं पाणी. आधी काव द्यायची, मग काजळी फासून चिंधीनं पुसून काढायची. खाचेत राहील तेवढी राहू द्यायची. "जितं हात पोचतो तितं उजळतं, न्हाई पोचत तितं काळं ऱ्हातं. मानसाचं बी तसंच," असं म्हणत एकेका चित्रावर अंगठा घासत बसायच्या. अंगठा कायम तांबडा असायचा.

सासूबाईंचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. तिथून त्यांनी कनवटीला बांधून भाजक्या मातीची एक बैलजोडी आणली होती. पोळ्याला आधी तिचे पाय धुवायचे, मग गोठ्यातल्या बैलांचे. सासूबाई गेल्या आणि दोन्ही भावांची वाटणी निघाली. जमीन वाटली, भांडी वाटली, गाडा अडला तो त्या जोडीवर. मोठे भावजी म्हणाले, "देव थोरल्याकडंच जात्यात." आमचे हे म्हणाले, "आयनं मरताना माज्या हातात दिल्यात." भावकीतल्या कुणीतरी शहाणपणा केला, एकेक बैल घ्या. वन्सं कडाडल्या, "एका बैलानं नांगर चालतुया व्हय? मग जुपा की एकेक भाऊ!"

तेव्हापासून भावाभावांत बोलणं बंद. एका आडावर पाणी भरायचे, पण एक आला की दुसरा माघारी, असं वर्षभर चाललं. धरण फुटून पुण्यात पूर आला ना, त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. श्रावणात वन्संनी जोडी स्वतःकडे घेतली. "पोळ्याला देते," म्हणाल्या. खाचराची माती मळून त्यांनी दुसरी जोडी केली. पावसात कुंभाराची भट्टी बंद, त्यामुळे भाजता आली नाही. चुलीच्या उबेवर वाळवली. मग काव, मग काजळी. सासूबाईंचं बोट कुंकू लावताना जिथं टेकायचं, तिथं वशिंडावर झीज होती. तीसुद्धा वन्संनी अंगठ्यानं आणली. डाव्या बैलाचं शिंग टवकलेलं, तेही तसंच.

पोळ्याच्या दिवशी दोन्ही भावांना पडवीत बोलावलं. समोर दोन ताम्हनं, प्रत्येकात एक जोडी. "उचला," म्हणाल्या.

भावजींनी दोन्ही जोड्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या. यांनीही पाहिल्या. कुणाला काही कळेना. शेवटी भावजींनी विचारलं, "सोने, ह्यातली आयची कंची?"

"दोनी आयच्याच. मी कुणाची हाय?"

 भावजींनी एक ताम्हन ओढलं, दुसरं यांच्याकडे राहिलं. इतक्यात जाऊबाई पाय धुवायला तांब्या घेऊन आल्या. रिवाजच होता तो. पण एक जोडी न भाजलेल्या मातीची, धार पडली की ज्याच्या पुढ्यातली विरघळेल, त्याच्या वाट्याला चिखल. पावसात भट्टी बंद होती, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. तांब्या भावजींच्या हातात गेला. वन्संनी काही हात आडवा केला नाही. नुसत्या बघत राहिल्या.

भावजींनी तांब्या खाली ठेवला. "खांद्याला तेल-हळद लावली तरी पोचतं देवाला," म्हणाले. आपल्या जोडीला तेल लावलं, आणि वाटी यांच्यापुढे सरकवली. "घे."

वर्षभरानंतरचा तो पहिला शब्द.

तेव्हापासून दोन्ही घरांत पोळ्याला मातीच्या बैलांना तेलच लावतात. वन्सं पुढं बरीच वर्षं जगल्या. शेवटच्या आजारपणात मी विचारलंच, "वन्सं, आता तरी सांगा, आपल्याकडं आहे ती कुठली?"

त्यांनी डोळे उघडले. "इंदे, आडात पानी आटलंय का? लाव की एक थेंब. लगीच कळंल." आणि हसल्या.

मी काही लावला नाही. भावजींच्या घरीही कुणी लावलेला नाही. त्यांच्या सुना मला दरवर्षी सांगतात.

बरं, निघालीस? मग पोळ्याला परत ये, लवकर ये, त्या दिवशी दोन्ही जोड्या एका पाटावर मांडतो आम्ही. तेलाची वाटी तुझ्याच हातात देईन. फक्त येताना ओट्यावर हात कोरडे कर, बाई.