शशीच्या गोळ्या

शशी गेल्याची बातमी मला डगने दिली. डॉक्टर शशिकांत, माझा चाळीस वर्षांपासूनचा मित्र, आणि तो गेल्याचं मला कोणी सांगावं, तर चार वर्षांपूर्वी त्याच्या शेजारी राहायला आलेल्या एका रिटायर्ड ट्रक ड्रायव्हरने! फोन ठेवल्यावर आधी रडू आलं नाही... आधी राग आला. दीड महिना झाला, सांगताना अजून लाज वाटते.

आम्ही दोघं कॅल्गरीत एकाच हिवाळ्यात आलो. तो डॉक्टर, मी ओतकामातला. पस्तीस वर्षं फाउंड्रीत काढली. शशी रिटायर झाला आणि डगच्या नादाने रायफल क्लबात जाऊ लागला. रीतसर लायसन्स काढलं, एक जुनी रायफल घेतली आणि एके दिवशी फोनवर म्हणाला, "मधू, जन्मभर लोकांना गोळ्या लिहून दिल्या, आता स्वतः पाडतोय!" गॅरेजमध्ये शिसं वितळवायचं विजेचं भांडं आलं, साचा आला, टायरवाल्याकडून चाकांचा तोल साधायला लावतात ती जुनी शिशाची वजनं आली. शिकवायला डग. मी हसलो खरा, पण त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. ओतकाम शिकायला याला डग सापडावा? काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

न बोलावता गेलो. मार्चची थंडी, तरी धूर बाहेर जावा म्हणून गॅरेजचं दार उघडं आणि दोघं कानटोप्या, जाड हातमोजे, चष्मे घालून उभे. शशीने साचा उघडला तर गोळी पडली ती मनुक्यासारखी सुरकुतलेली. "साचा गार आहे," मी म्हणालो. "कथील किती घातलंस? आणि वरची मळी कोण काढणार?" शशीने पळी खाली ठेवली. डग म्हणाला, "नो वरीज, शॅश. बॅक इन द पॉट." शिशाचं एक बरं असतं, बिघडलेला नग पुन्हा वितळवता येतो. शशी हसला, पण डगकडे बघून.

त्यानंतर मी गेलो की भांडं बंद असायचं. "आज मूड नाही रे, चहा घेऊ." आणि मी गाडी काढेपर्यंत डग गॅरेजात शिरलेला असायचा. मी जळायचो. सत्तरीला टेकलेला माणूस, पण अक्षरशः जळायचो. बायको म्हणायची, "अहो, शशीभावजींनी तुमच्यावर काय सवत आणलीय का?"

तेराव्यानंतर शशीच्या घरी गेलो आणि वहिनींना सरळच विचारलं, की तो मला का टाळत होता. त्या म्हणाल्या, "भावजी, रागावू नका. ते म्हणायचे, मधू आला की परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. समोर पेशंट, त्यामुळे जन्मभर चुकायची सोय नव्हती हो त्यांना. डगपुढे चुकलं तरी चालतं, म्हणायचे."

हे ऐकून डगवरचा राग जायला हवा होता. उलट वाढला. चाळीस वर्षांत जे मला जमलं नाही, ते या माणसाने नुसतं गप्प राहून मिळवलं होतं. त्यात वहिनींनी भांडं, साचा, सगळं डगलाच देऊन टाकलं. तेही मला लागलंच.

गेल्या शनिवारी डगने बोलावलं. जाणार नव्हतो, गेलो. त्याच्या गॅरेजात शशीचं भांडं तापत होतं. शशीचे हातमोजे त्याने माझ्यापुढे धरले, "मॅडी, यू ट्राय." त्या मोज्यांत हात घालताना मला रडू फुटलं, दीड महिन्यात पहिल्यांदा. डग नुसता थांबला. मग मी पळीने शिसं ओतलं, साचा उघडला. गोळी सुरकुतलेली. डगने ती निरखून पाहिली आणि मान हलवली.

"मस्ट बी द लेड," तो म्हणाला. "बॅड बॅच."

शिशात काही खोट नव्हती. ती का सुरकुतली, हे मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

"असेल," मी म्हणालो, आणि तो दाखवेल तसं पुढची गोळी ओतायला लागलो.